बोंडअळीचा लाइव्ह अल्बम आणि माझी शपथ

अल्लीपुरात माझ्या परवानगीशिवाय टाळी वाजत नाही!

बढाई मारत नाही, खरं तेच सांगतोय. दुकानाचं उद्घाटन असो, कुणाची एकसष्टी असो की शाळेतला निरोप समारंभ असो, आमच्या गावात माईक एकाच माणसाच्या हातात शोभतो. तो माणूस म्हणजे मी, हेमराज साटोणे. दिवसा कृषी केंद्र चालवतो, बियाणं आणि खतं विकतो, आणि कार्यक्रम असला की सूत्रसंचालन करतो. हेमराजभाऊंच्या खतापेक्षा त्यांच्या निवेदनाला जास्त जोर आहे, असं गावात म्हणतात. ते चांगल्या अर्थानेच म्हणत असावेत.

टाळ्यांचा नियम मीच घालून दिलेला आहे. त्याला कारण घडलं. एका शोकसभेत आमच्या भजन मंडळाचे पुंडलिकराव इतकं सुरेख बोलले, की लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या! मयताच्या घरचे बिचारे गोंधळून उठले आणि सगळ्यांना नमस्कार करू लागले. त्या दिवशी मी माईकवरून बजावलं, "यापुढं मी 'जोरदार टाळ्या' म्हनल्याशिवाय कोनी हात हलवाचा नाई!" तेव्हापासून गाव शिस्तीत आहे. पाहुणे भाषण संपवून खाली बसतात आणि सगळा मांडव माझ्या तोंडाकडे बघतो. मी म्हणतो, मग वाजतात. एकदा मला निवेदनात ठसका लागला, तर पाहुण्यांना तो संपेपर्यंत टाळ्यांची वाट पाहत उभं राहावं लागलं.

अशा माणसाच्या पोटी ड्रम वाजवणारी मुलगी जन्माला आली, यात नवल ते काय?

आमची आकांक्षा सावंगीला फिजिओथेरपी शिकते. तिथल्या पोरांबरोबर तिने हेवी मेटलचा बँड काढला, आणि बँडचं नाव ठेवलं 'बोंडअळी'! मी हयातभर त्या अळीच्या मागे औषध घेऊन लागलेला माणूस. मी म्हटलं, "अवं, दुसरं नाव नाई भेटलं?"

"बाबा, इकडं लोक सगळ्यात जास्त कशाले भेतात?"

"बोंडअळीले."

"मंग! हेवी मेटल बँडचं नाव असंच पायजे."

मला पटलं. बाकी हेवी मेटल म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. त्यांची तालीम पहिल्यांदा आमच्या गोदामात झाली, तेव्हा मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला होता. मला वाटलं, कुठेतरी शॉर्ट सर्किट झालं.

तर एके दिवशी आकांक्षा घरी आली तीच तोंड पाडून. जेवायला बसली आणि भात नुसता चिवडू लागली.

"का झालं वं?" माझी बायको ज्योत्स्ना म्हणाली.

"आमाले लाइव्ह अल्बम काढाचा होता. लोकांसमोर वाजवाचं, अन् लोकांच्या आवाजासकट रेकॉर्ड कराचं. पन कॉलेजात परीक्षा लागली. पोट्टे येऊन नाई राह्यले. अन् आमचा गानारा आदेश पुढच्या हप्त्यात आसामले चालला नोकरीवर. थो गेला का बँड संपला." तिने ताट बाजूला सरकवलं. "इतक्या दिवसाचं वाजवलेलं काहीच नाई राहनार आमच्यापाशी."

"मंग गर्दीबिगर करा ना रेकॉर्ड," ज्योत्स्ना म्हणाली.

"आई, लोक ओरडले नाई, टाळ्या नाई वाजल्या, तं त्याले लाइव्ह कोन म्हननार?"

मी हातातली पोळी ताटात ठेवली. "गर्दी पायजे? टाळ्या पायजे? अवं, मंग घरात बाप बसला हाये, त्याले इचारत काऊन नाईस? अल्लीपुरात कर! सगळा गाव आनून बसवतो तुह्यापुढं!"

तिचा चेहरा उजळला. मग तिने आईकडे पाहिलं, आईने तिच्याकडे पाहिलं, आणि तो पुन्हा विझला.

"बाबा, एक अट हाये. तुमी माईकले हात लावाचा नाई."

"म्हंजे निवेदन..."

"नाई. एक शब्द बोलाचा नाई. कार्यक्रम संपेपर्यंत तोंडच उघडाचं नाई."

"काऊन पन?"

"मावशीच्या लग्नात तुमी बोलतच राह्यले अन् मुहूर्त टळला."

"लगेच दुसरा काढला ना भटजीनं!"

"आमच्या गॅदरिंगले पाहुने म्हनून आले अन् निवेदकाच्या हातातून माईक घेतला."

"त्याचे उच्चार बरोबर नव्हते!"

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "हा अल्बम जन्मभर राहीन. जगात कुठंबी कोनी ऐकीन. त्याच्यात मले आमचं वाजवनं पायजे, अन् लोकांचा आवाज पायजे. तुमचा नाई."

मला लागलं ते. खोटं कशाला बोलू? सगळ्या पंचक्रोशीला चालणारा आवाज पोटच्या पोरीला नको होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्या डोळ्यांत येण्याच्या आत मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एक शब्द नाई बोलनार. तुही शप्पथ!"

ज्योत्स्ना म्हणाली, "पोरीची शप्पथ घेतली तुमी. आता चिमटा घेतला तरी हूं की चूं करू नका."

गर्दी जमवणं माझ्या डाव्या हातचा मळ. गावात निरोप दिला: आकांक्षाचा कार्यक्रम आहे, नंतर आलू-वांग्याची भाजी, वरण, पोळ्या आणि बुंदी. बाजाराच्या मोकळ्या जागेत मांडव टाकला, माझ्या दुकानातून लाइन ओढली, सतरंज्या अंथरल्या. संध्याकाळी ऊन कललं आणि गाव लोटला! एकीकडे बायका, एकीकडे पुरुष. पुढच्या रांगेत पुंडलिकराव धुतलेलं धोतर नेसून, खंजिरीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ते कुठेही जाताना खंजिरी सोबत नेतात. नातवाच्या ॲडमिशनलाही नेली होती म्हणे. दोघातिघांनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "भाऊ, बोंडअळीवर कार्यक्रम हाये, तं फवारनीचं सांगतीन ना?" मी नुसती मान डोलावली. कारण माझी शपथ चालू झाली होती.

नागपूरहून प्रफुल नावाचा रेकॉर्डिंगवाला आला होता. केस ज्योत्स्नापेक्षा लांब, आणि सोबत मशीन आणि वायरींचा हा पसारा! स्टेजवर माईक, गर्दीच्या डोक्यावर बांबूला टांगलेले माईक. त्याने मांडव पाहिला आणि खूश झाला.

"काका, पब्लिक तो सॉलिड आहे! फक्त आवाज आला पाहिजे, काय? उद्या मी दुसऱ्या कामावर आहे. जे व्हायचं ते आजच."

मी छातीवर हात ठेवून डोळे मिटले. म्हणजे, निश्चिंत राहा.

पोरं स्टेजवर आली. आकांक्षा मागे, ड्रमच्या ढिगाऱ्याआड. फक्त वेणी दिसत होती. समोर आदेश, केळझरचा. इतका गुणी मुलगा, की स्टेजवर चढण्याआधी खाली वाकून ज्योत्स्नाच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, आशीर्वाद असू द्या." मग माईकपाशी गेला आणि त्याच्या पोटातून असा काही आवाज निघाला, की बाजारातली कुत्री थेट नाल्यापलीकडे जाऊन थांबली!

गाणं सुरू झालं. मांडवाचे बांबू हलले. माझ्या खिशातली नाणी आपोआप वाजू लागली. आकांक्षाचे हात तर दिसतच नव्हते. मी तिकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाप रे, ही आपली पोरगी? सकाळी हिला उठवायला तिची आई तीनदा हाका मारते!

गाणं संपलं. शेवटचा ठोका पडला. आदेशने दोन्ही हात वर केले.

शांतता.

अशी शांतता, की आचाऱ्याच्या कढईतलं तेल तडतडलेलं स्टेजपर्यंत ऐकू आलं. गाव मांडी घालून, हात मांडीवर ठेवून शिस्तीत बसलेला होता, आणि गावातला एकूण एक माणूस वळून माझ्या तोंडाकडे बघत होता!

ते माझ्या परवानगीची वाट पाहत होते!

प्रफुलने कानावरचे हेडफोन काढले, झटकले, पुन्हा लावले. मग धावत माझ्याकडे आला. "काका, का झालं? गाणं पसंत नाही आलं का लोकांले? काहीच येऊन नाही राहिलं माईकवर!"

मी बोटाने तोंडाकडे खूण केली, मग डोक्यावर हात ठेवून दाखवला, मग स्टेजकडे. म्हणजे, मुलीची शपथ घेतली आहे.

"डोकं दुखून राहिलं का तुमचं?" प्रफुल म्हणाला.

स्टेजवर आकांक्षा ड्रमच्या आडून उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. परीक्षेत पेपर कोरा दिला की पोरांचा होतो तसा. ती मला बोला म्हणत नव्हती, बोलू नका म्हणत नव्हती. तिला काही कळतच नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की तिचा अल्बम बुडत होता आणि बुडवणारा मी होतो.

मी पुंडलिकरावांपाशी जाऊन बसलो. त्यांचे हात धरले आणि एकमेकांवर आपटून दाखवले. मग गर्दीकडे बोट केलं. पुंडलिकराव हुशार माणूस. म्हणाले, "समजलं! टाळी धराले सांगून राह्यला!"

मी जोरजोरात मान हलवली. दुसरं गाणं सुरू झालं होतं. पुंडलिकराव उठले, गर्दीकडे तोंड केलं आणि हात वर करून ओरडले, "चला मंडळी, हेमराजनं परवानगी देल्ली! टाळी धरा!"

आता त्यांच्या भजन मंडळात टाळी धरणं म्हणजे काय, हे मी विसरलो कसा? सगळ्या गावाने भजनाच्या ठेक्यात टाळी धरली! सावकाश, एकसुरात, डोलत डोलत. पुंडलिकरावांनी पिशवीतून खंजिरी काढली. स्टेजवर आकांक्षा वेड्यासारखी सुसाट वाजवत होती, आणि समोर सगळा गाव आपल्या चालीने टाळी वाजवत होता. तिने जोर लावला. गावाने दाद दिली नाही. गाव हजाराचा आणि ती एकटी! हळूहळू तिचा वेग खाली येऊ लागला. गिटारवाल्या पोराने तिच्याकडे पाहिलं, तिने खांदे उडवले, आणि दोन मिनिटांत बोंडअळी अशा संथ लयीत वाजू लागली, की पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"हे काय करून राह्यले बे लोक!" प्रफुलने कपाळावर हात मारला.

गाणं संपलं. आकांक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. तिने मान फिरवली.

तिसरं गाणं आदेशचं खास होतं. त्यात फक्त गुरगुरणं होतं, आणि मग एक लांबलचक किंकाळी. मला वाटलं, हे तरी नीट होईल. पण आमच्या शेजारच्या वच्छलाबाई मघापासून अस्वस्थ होत्या. पहिल्या गाण्यापासून त्या आदेशकडे बघून चुकचुकत होत्या. आदेशने जरा मोठी गुरगुर काढली आणि वच्छलाबाईंना राहवलं नाही. पदर खोचून त्या आचाऱ्याकडे गेल्या, ग्लासभर दूध तापवून घेतलं, त्यात चिमूटभर हळद टाकली, आणि गाणं ऐन रंगात असताना स्टेजच्या पायऱ्या चढून वर आल्या!

"बाप्पा, घसा फुटला तुहा!" त्या माईकसमोर उभ्या राहून म्हणाल्या. "काऊन इतका तान देतं रे जिवाले? हे दूध पी आंधी!"

आदेश बिचारा संस्कारी. किंकाळी मारायला तोंड उघडलेलं, समोर आजी आणि दूध. त्याने किंकाळी मारली, पण डोळ्यांनी नको नको म्हणत होता. ती किंकाळी ऐकून वच्छलाबाई आणखी घाबरल्या. "पाहा, पाहा! आतून सोललं गेलं त्याचं! अरे, कोनी डाक्टर हाये का इथं?"

बँडमधले दोन जण डॉक्टरकीच शिकत होते. पण त्यांचे हात गिटारवर होते.

आता वच्छलाबाईंना खाली उतरवणं भाग होतं. एका वाक्याचं काम! 'वच्छलाबाई, खाली या,' एवढंच. पण माझी वाचा बंद. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डोक्यावर गरगर फिरवून त्यांना खाली येण्याची खूण केली.

आणि वाचकहो, इथे मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली.

कारण आमच्या गावात हेमराज साटोणेने दुपट्टा फिरवला, याचा एकच अर्थ होतो. पंगत बसवा! मांडव मोठा असला की आचाऱ्यापर्यंत आवाज पोहोचत नाही, म्हणून ती खूणसुद्धा मीच पाडलेली आहे. सगळा गाव एका झटक्यात उठला! सतरंज्या फिरल्या. लोक समोरासमोर रांगा करून बसले. अर्ध्या गावाने स्टेजकडे पाठ केली. तरुण पोरं पत्रावळी घेऊन धावली, मागून बकेटी आल्या, आणि आदेशच्या किंकाळीच्या वर वाढप्यांच्या आरोळ्या चढल्या.

"भाजी! भाजी! गरम भाजी!"

"वरण कोनाले पायजे? वरण!"

"इकडं मीठ नाई आलं हो!"

प्रफुलने हेडफोन काढून माझ्यापुढे धरले. "काका, ऐका! ऐका तुम्हीच! 'इकडं मीठ नाही आलं' हे अल्बमवर टाकू का?"

मी दुपट्टा उलटा फिरवला. म्हणजे, पंगत रद्द! पण उलटा फिरवण्याचा अर्थ मी कधी ठरवलाच नव्हता. आचाऱ्याला वाटलं, भाऊ घाई करून राह्यले. त्याला रांगांमध्ये अंधार दिसला, म्हणून त्याने मोठे हॅलोजन आणले आणि जो बोर्ड समोर दिसला त्याच्यात खुपसले. तो बोर्ड बोंडअळीचा होता.

फट्!

सगळं गेलं. स्टेजचे दिवे, गिटार, भोंगे, सगळं. दिवस बुडालेला, मांडवात काळोख. क्षणभर फक्त आकांक्षाचा ड्रम एकटाच वाजत राहिला, मग तोही थांबला. आणि मग कल्लोळ! लेकरं रडायला लागली. कुणीतरी कुणाच्या तरी पत्रावळीत पाय दिला. गरम वरणाच्या बकेटी हातात घेतलेले वाढपी अंधारात धडपडत होते. "सरका, सरका, भाजीन!" "माहा बाब्या कुठं गेला?" लोक उठून बाहेर पळू लागले.

शपथ माझ्या गळ्याशी आली होती. ओठ घट्ट आवळून मी उभा होतो. एकीकडे ते उकळतं वरण, एकीकडे लेकीची शपथ!

आणि स्टेजवरच्या अंधारातून तिचाच आवाज आला, लहानपणी पडली की यायचा तसा.

"बाबा! बोला ना काहीतरी!"

धरणाचं दार उघडावं तसा माझा कंठ फुटला! माईक नव्हता. लागलाही नाही.

"रसिक मायबापहो! जो जिथं आहे त्यानं तिथंच बसावं! वाढप्यांनी बकेटी खाली ठेवाव्यात! मातांनी आपापलं लेकरू मांडीवर घ्यावं, आपलं नसेल तर जवळ असेल ते घ्यावं!"

गाव बसला. असा बसला, जसं कुणी वरून झाकण ठेवलं.

माझ्या दुकानातला पोरगा फ्यूज बांधायला पळाला होता. तोपर्यंत लोकांना धरून ठेवायला हवं होतं, आणि हे काम मला झोपेतही येतं. मी सुरू झालो. केळझरच्या आदेशची ओळख करून दिली. कंठात वाघ आणि वागण्यात वासरू, असं काहीसं बोललो. गिटारवाल्या दोन भावी डॉक्टरांना पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या. मग ड्रमपाशी आलो. आता इथे माझ्याकडे एक ठेवणीतलं वाक्य तयार असतं, 'जिच्या परिचयाची आवश्यकता नाही अशी.' ते ओठावर आलं आणि तिथेच अडकलं. माझी शुद्ध भाषा कुठे गेली कोण जाणे.

"अन् मागं थे जे बसली हाये ना," मी म्हणालो, "थे लहान होती तवा माह्या दुकानातले रिकामे पिंप वाजवे. मले हे वाजवनं समजत नाई, मंडळी. खरं सांगतो, काहीच समजत नाई. पन तिचे हात पाह्यले आज मी. थांबतच नाई. इतकी मेहनत मी जन्मात केली नाई. थे माही लेक हाये!"

अंधार होता म्हणून बरं. मी दुपट्ट्याने डोळे पुसले, आवाज सावरला आणि सवयीने पुढचंही बोलून गेलो, "आणि मी तुमचा सूत्रसंचालक, हेमराज साटोणे, साटोणे कृषी केंद्र, बसस्टँडजवळ! होऊन जाऊ द्या, जोरदार टाळ्या!"

काय सांगू तुम्हाला! संध्याकाळभर दाबून धरलेल्या टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या, सगळं एकदम फुटलं! बायका ओरडत होत्या, म्हातारे ओरडत होते, पोरं पत्रावळी उडवत होती, पुंडलिकराव उभे राहून खंजिरी बडवत होते. त्याच क्षणी तिकडे फ्यूज बसला, आणि गिटारवाल्याचं बोट तारेवरच होतं. दिवे, भोंगे आणि गाणं एकदमच आलं! आकांक्षाने मान झटकली, वेणी सुटली, आणि ती जी सुटली! मी त्यानंतर तोंड उघडलं नाही. पण गरजही पडली नाही. एकदा दिलेली परवानगी मी परत घेतली नव्हती, त्यामुळे पुढची सगळी गाणी गाव घसा फाटेस्तोवर ओरडत राहिला. बुंदी गार झाली, पण कोणी तक्रार केली नाही.

प्रफुल मात्र खाली मान घालून मशीनच्या वायरी गुंडाळत होता. मी त्याच्याजवळ गेलो. "गेलं ना सगळं? करंट गेला तवा तुह्यं मशीन..."

"काका, मशीन बॅटरीवर आहे." त्याने वर पाहिलं. त्याचा चेहरा फुलला होता. "सगळं आलं. ती अंधारातली टाळी! सोना आहे, सोना! मुंबईच्या पोरांच्या अल्बमवर नाही असली टाळी. दुसरं गाणं नाही घेता येणार, भजन झालं त्याचं. पण बाकीचं जमवतो मी."

आणि जमवलं त्याने. आदेश आसामला पोहोचला आणि इकडे 'बोंडअळी: अल्लीपूर लाइव्ह' इंटरनेटवर आला. सगळा गाव माझ्या दुकानासमोर जमला. मी मोठा स्पीकर लावला, आणि स्वतः पुढे खुर्ची टाकून बसलो. खरं सांगायचं तर माझं लक्ष गाण्यांकडे नव्हतंच. मी वाट बघत होतो.

पहिलं गाणं संपलं. मांडवातल्या त्या शांततेच्या जागी तो गडगडाट कडाडला! प्रफुलने अंधारातली ती टाळी उचलून इथे चिकटवली होती. आणि टाळीच्या पोटातून एक बारीक पण स्पष्ट आवाज, "दूध पी रे बाप्पा!" वच्छलाबाई तेव्हा स्टेजवरच माईकपाशी ग्लास घेऊन उभ्या होत्या ना! पुढचं गाणं संपलं. पुन्हा तीच टाळी, पुन्हा "दूध पी रे बाप्पा!" प्रफुलने पुढच्या टाळ्या सोडून हीच आवडती टाळी सगळीकडे लावली होती, म्हणून प्रत्येक गाण्यानंतर वच्छलाबाई! लोकांनी त्यांना अक्षरशः उचलून धरलं. आकांक्षा सांगत होती, की फिनलंडमधल्या कुणीतरी लिहिलंय, मधे मधे ओरडणारी ती चेटकीण फार भयानक आहे, अशी आमच्याकडे नाही. वच्छलाबाईंना ते कळल्यापासून त्या चौकात थांबून माझ्याशी बोलत नाहीत, मोठ्या कलाकारासारखा नुसता हात दाखवून जातात.

माझा आवाज? शोधा म्हणजे सापडेल, असंही नाही. 'रसिक मायबापहो' नाही, आदेशची ओळख नाही, काही नाही. टाळी सुरू होते तिच्या अगदी अलीकडे, मी श्वास घेतला होता, तिथपर्यंत कापलं होतं.

"बरं झालं," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमची शप्पथ पाळल्या गेली."

मी हसलो. वर वर हसलो. पोरीला नको होता माझा आवाज, तिने आधीच सांगितलं होतं. आता त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. तरी दोन दिवस मी दुकानात गिऱ्हाइकांशी जरा कमीच बोललो. ज्योत्स्नाने माझा ताप मोजला.

मग एका रविवारी आकांक्षा घरी आलेली होती. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, आणि मी दुकानातून चहाला विचारायला तिला फोन लावला. तो तसाच लावलेला ठेवून घरात आलो तर तिचा मोबाइल टेबलावर वाजत होता. आणि वाजत काय होतं?

"...मले हे वाजवनं समजत नाई, मंडळी. खरं सांगतो, काहीच समजत नाई. पन तिचे हात पाह्यले आज मी... थे माही लेक हाये!" आणि मग कडकडाट, आणि "दूध पी रे बाप्पा!" मग पुन्हा पहिल्यापासून.

फोन कापायचं सुचेना. आकांक्षा ओले हात पुसत दारात आली आणि लाजली.

"तुमचा फोन आला तवाच वाजते हे," ती म्हणाली. "बाकी सगळ्याईले साधी घंटी हाये."

"म्हनूनच तू फोन इतक्या उशिरा उचलतं होय!"

"पुरं ऐकून घेतो मी. मंग उचलतो."

आता तुम्हीच सांगा, बापाने काय बोलावं? मला बोलता येत नाही असं आयुष्यात दुसऱ्यांदा झालं, आणि या वेळी शपथही नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोन वाजतच होता. मी पुन्हा पहिल्यापासून ऐकला. आणि मग माझ्या लक्षात आलं.

"अवं, पन याच्यात माहं नाव कुठं हाये? 'माही लेक हाये'च्या नंतर मी नाव सांगतलं होतं! दुकानाचा पत्ताबी सांगतला होता!"

"थे लांबण होती बाबा," ती म्हणाली. "कापली."

असो. पोरीपुढे बापाचं चालत नाही. पण वाचकहो, इथे कापायला ती नाही, म्हणून हळूच सांगून ठेवतो: हेमराज साटोणे, साटोणे कृषी केंद्र, बसस्टँडजवळ, अल्लीपूर. टाळ्या वाजवायला हरकत नाही, माझी परवानगी आहे!